१९७८ सालची फेंडर प्रिसिजन बास : बेळगावच्या हवेत आणि बेळगावच्या हातांत

जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारींविषयी जे लेखन वाचायला मिळते, ते बहुधा अशा शहरांत बसून केलेले असते जिथे गिटारची दुरुस्ती करणारा तरबेज कारागीर हाकेच्या अंतरावर असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या वादकाला ती सोय नाही. त्यामुळे जुने वाद्य घ्यावे की नाही हे ठरवताना त्याने आवाजाइतकाच आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, तो म्हणजे हे वाद्य बिघडले तर ते आपल्या पंचक्रोशीत कोण आणि कशाने दुरुस्त करील. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, लग्नांचे स्वागतसमारंभ आणि अधूनमधून भावगीतांचे कार्यक्रम अशा कामांसाठी मी काही वर्षांपासून १९७८ सालची फेंडर प्रिसिजन बास वापरत आहे, आणि हे परीक्षण त्या एका वाद्याचे, याच दृष्टीने केलेले आहे. मत आधीच सांगून टाकतो. वाद्य जड आहे, काही बाबतींत ओबडधोबड आहे, पण त्याची रचना इतकी साधी आहे की त्याची जवळजवळ सगळी देखभाल बेळगाव आणि मिरज यांच्या टापूत होऊ शकते, आणि याच कारणासाठी मी ते इतर नामवंत जुन्या वाद्यांपेक्षा वर ठेवतो.

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली. १९५७ साली तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा चुंबकी भाग, मिळाला, आणि तिथून पुढे मूळ रचनेला फारसा कोणी हात लावलेला नाही. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. संग्राहक मंडळी त्याआधीच्या वाद्यांना डोक्यावर घेतात आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या वाद्यांकडे नाक मुरडतात. हे नाक मुरडणे अगदीच निराधार नाही. माझ्या वाद्याची मान जिथे धडात बसते, त्या खाचेत एका बाजूला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे, आणि अशी ढिलाई त्या काळातल्या अनेक वाद्यांत आढळते. स्क्रू घट्ट असतील तर आवाजावर याचा काही परिणाम मला जाणवलेला नाही. मात्र कामातली सफाई पाहून ज्यांचे मन भरते, त्यांनी हे वाद्य घेऊ नये.

त्याच सत्तरच्या दशकाचा एक गुण मात्र आपल्या हवेत फार मोलाचा ठरतो. १९६८ च्या सुमारापर्यंत फेंडरच्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप असे, आणि त्यानंतर जाड पॉलिएस्टरचा लेप देण्याची पद्धत सुरू झाली. जाणकार म्हणवणाऱ्यांना तो पातळ लेप प्रिय असतो, कारण लाकूड मोकळे वाजते असे ते मानतात. ते खरे असो वा नसो, नायट्रोसेल्युलोज तापमानाच्या फरकाने तडकतो, घामाने झिजतो आणि स्टँडच्या रबराला चिकटून डागाळतो. जांबोटी-कणकुंबीकडून जून महिन्यात येणारा पाऊस आणि त्याआधी एप्रिलमधले कोरडे ऊन सोसायचे असेल, तर कोणी कितीही प्लास्टिकचे कवच म्हणून हिणवले तरी पॉलिएस्टर बरा. माझ्या वाद्याच्या धडावर मुका मार लागल्याच्या खुणा पुष्कळ आहेत, पण लेपाला भेग एकही नाही.

खरी कसोटी मानेची आहे, आणि म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. चार तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७५ किलोंच्या घरात जातो, आणि तो ताण मेपलची एक सडपातळ मान पेलत असते. मानेच्या पोटात लोखंडी ट्रस रॉड असतो, जो आवळल्यास मान मागे खेचली जाते आणि सैल केल्यास तारांच्या ओढीने पुढे वाकते. मान पूर्ण सरळ असून चालत नाही. तारेच्या कंपनाला जागा मिळावी म्हणून तिला किंचित पुढचा बाक लागतो, आणि हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हा बाक बदलत राहतो. मेपलवर लेप असल्यामुळे तो ओलावा हळू घेतो, पण फिंगरबोर्डची, म्हणजे जिथे बोटांनी तारा दाबतात ती, शिसवी पट्टी उघडी असते. पावसाळ्यात ती फुगते, मान मागे जाते आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारांवर, तार खरखरू लागते. माघ-फाल्गुनात ती आक्रसते, बाक वाढतो, तारा उंच जातात, आणि पडद्यांची धातूची टोके पट्टीच्या कडेबाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून बेळगावात या वाद्याची जुळणी वर्षातून दोनदा करावी लागते, एकदा आषाढात पाऊस स्थिरावल्यावर आणि एकदा हवा पुरती कोरडी झाल्यावर. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्याला याहून जास्त आणि अथणीकडे राहणाऱ्याला बहुधा कमी त्रास होईल, कारण एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुळणीचे तंत्र अवघड नाही. तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यातली फट मोजावी. ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर असली की पुरे. यासाठी परदेशी साधने मागवण्याची गरज नाही. मोटारसायकलचे टॅपेट जुळवताना मेकॅनिक जो फिलर गेज वापरतात, तोच ऑटो स्पेअर पार्ट्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. टोचणारी टोके घासण्यासाठी सोनारकामाची बारीक कानस उत्तम, आणि पट्टीला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी हलका हात द्यावा. खोबरेल तेल लावू नये, ते खवट होते आणि पडद्यांच्या कडेला त्याचे कीट धरते.

तक्रार आहे ती ट्रस रॉडच्या जागेबद्दल. त्या काळातल्या प्रिसिजनमध्ये रॉडचे फिरवायचे टोक मानेच्या बुडाशी, म्हणजे धडाच्या खाचेत दडलेले असते. तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, मान उचला, टोक पाव फेरा फिरवा, मान परत बसवा, तारा सुरात लावा आणि मग मोजा, आणि माप चुकले असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. ज्या यंत्राची जुळणी वारंवार करावी लागणार आहे त्याचा मुख्य स्क्रू असा लपवणे ही रचनेतली उघड उणीव आहे. त्याच सुमाराच्या जाझ बास या फेंडरच्याच दुसऱ्या बासमध्ये हे टोक खुंट्यांच्या बाजूला आणले गेले होते, पण तिथे चारऐवजी तीनच स्क्रूंवर मान बसवल्यामुळे ती डावी-उजवीकडे हलण्याची तक्रार सुरू झाली. प्रिसिजन त्या तीन स्क्रूंच्या प्रयोगातून वाचली, हे तिच्या मालकांचे नशीब. मान वारंवार काढल्याने मेपलमधले आटे झिजतात, म्हणून स्क्रूला मेण लावावे, तो आधी उलटा फिरवावा आणि जुन्या आट्यात टक्‌ करून उतरल्याचे हाताला कळले की मगच सुलटा आवळावा. जुनी सागवानी दारे-खिडक्या दुरुस्त करणाऱ्या सुताराला ही युक्ती शिकवावी लागत नाही.

शिसवीचा उल्लेख झालाच आहे, तर एक गोष्ट सांगून ठेवतो. फेंडर सुरुवातीला ब्राझीलचे शिसव वापरत असे, पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतीय शिसवाकडे वळले, आणि खानापूर-दांडेलीच्या रानांत उभे असलेले शिसव त्याच जातीचे आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. ब्राझिलियन शिसवावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची अत्यंत कडक बंधने आहेत. शिसवाच्या उरलेल्या जातींवर २०१७ साली आलेली बंधने तयार वाद्यांपुरती २०१९ मध्ये शिथिल झाली. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातले वाद्य परदेशातून आणू पाहणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

तारांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. गोल गुंडाळीच्या तारा नव्या असताना झगमगीत वाजतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात घाम आणि ओलावा मिळून त्यांचा जीव लवकर जातो आणि जुन्या पडद्यांवर त्या कानशीसारख्या चालतात. सपाट गुंडाळीच्या तारा महाग पडतात, परंतु वर्षानुवर्षे टिकतात आणि पडदे झिजवत नाहीत. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ सालच्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड सपाट तारा लावत, आणि त्या तुटल्याखेरीज बदलत नसत. त्यांच्याइतका कडक हात सर्वांना झेपणार नाही, पण जुन्या वाद्याचे मूळ पडदे वाचवायचे असतील तर सपाट तारांना पर्याय नाही, कारण पडदे एकदा बदलले की संग्राहकांच्या बाजारात वाद्याची किंमत उतरते. तारांचा प्रकार बदलताना ताणही बदलतो, तेव्हा ट्रस रॉडची जुळणी पुन्हा करावी लागते हे मात्र लक्षात असू द्यावे.

पुलाचे, म्हणजे तारांची खालची टोके जिथे अडकतात त्या घोडीचे, स्क्रू ही पावसाळ्यातली दुसरी डोकेदुखी. घोडीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार असतो आणि त्याची उंची ठरवणारे बारीक ॲलन स्क्रू गंजून आतच अडकतात. हे वाद्य इंचांच्या मापात बनलेले असल्यामुळे मिलिमीटरची ॲलन की त्यांत घसरते आणि स्क्रूचे तोंड खराब होते. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि इंची मापाचीच की वापरावी. माझ्या वाद्यातले दोन स्क्रू मात्र कामातून गेले होते, आणि ते उद्यमबागेतल्या एका छोट्या लेथ कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे करून मिळाले. तिथल्या टर्नरने भिंगातून आटे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हा इंचातला आटा आहे, मिलिमीटरचा घातला तर दोन फेऱ्यांत भोक खाऊन टाकेल." हायड्रॉलिकचे सुटे भाग आणि ओतकामावर वाढलेल्या या वसाहतीत आट्यांची जाण असलेले हात पुष्कळ आहेत. अडचण एवढीच की इतके लहान काम घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही, त्यामुळे गर्दी नसलेली वेळ पाहून जावे. काढलेले मूळ स्क्रू फेकू नयेत. पुढे वाद्य विकायचे झाले तर गंजलेल्या मूळ भागांनाही किंमत असते.

खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात ती अटी बदलण्याची वेळ आली, तेव्हा मी मिरज गाठली. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या भागातल्या गवय्यांची वाद्ये दुरुस्तीसाठी तिकडेच जात आली आहेत. घोडी घासून तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा गुंजणारा नाद, काढणाऱ्या कारागिराला घोडीचा पृष्ठभाग केसभर जास्त घासला गेला तर काय होते हे पुरते ठाऊक असते. हाडाची अटी त्याने अशी घडवली की मोकळी तार आणि पहिल्या पडद्यावर दाबलेली तार यांच्या आवाजात आता फरक ओळखू येत नाही, आणि या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पडदे समतल करण्याचे काम मात्र तिथे देऊ नये असे माझे मत आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येणारे असतात, तर बासचे पडदे सव्वासात इंच त्रिज्येच्या गोलाईवर लाकडात ठोकून बसवलेले असतात. ती विद्या वेगळी आहे, आणि तिच्यासाठी गोवा किंवा पुणे गाठलेले बरे.

विजेच्या बाजूबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि तेच या वाद्याचे वैभव आहे. एक पिकअप, आवाजाचा एक पॉट (फिरवायचे नियंत्रण), टोनचा एक पॉट, एक कपॅसिटर आणि एक जॅक, बस्स. बॅटरी नाही, आतला प्रीअँप नाही, त्यामुळे ऐन कार्यक्रमात दगा देणारे काही नाही. पॉट खरखरले तर काँटॅक्ट क्लीनर मारून ते पुष्कळदा फिरवावेत, आणि मूळ सोल्डरिंगला शक्यतो हात लावू नये. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही जुना माणूस ही तारजोडणी एका दृष्टिक्षेपात समजू शकतो. पिकअपची तार मात्र केसाइतकी बारीक असते, ती मोटर वाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेण्याचा विचार मनात आणू नये. पिकअपचे दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असल्यामुळे ट्यूबलाइटच्या चोक आणि डिमरमधून येणारी घरघर परस्पर रद्द होते. मांडवातल्या रोषणाईच्या शेजारी उभे राहून वाजवणाऱ्याला याचे महत्त्व सांगायला नको.

मांडवाचाच विषय निघाला आहे म्हणून एक सूचना. बासच्या तारा अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग नीट नसेल आणि अँप व माइक वेगवेगळ्या जोडणीवर असतील, तर तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागताच झटका बसतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. टेस्टर खिशात ठेवावा आणि वाजवण्यापूर्वी तारा आणि माइकची जाळी दोन्ही तपासावीत. दोष जुन्या वाद्याचा नसतो, नव्या वाद्यालाही हाच नियम लागू आहे.

आवाजाबद्दल लोक फार अलंकारिक लिहितात, मी मोजके लिहितो. बासच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि आपल्याकडच्या भाड्याच्या बहुतेक स्पीकरांतून तो धड बाहेरच पडत नाही. श्रोत्याला बास ऐकू येते ती त्या स्वराच्या वरच्या पटींमुळे. प्रिसिजनचा पिकअप ज्या जागी बसवलेला आहे तिथे त्या मधल्या पट्ट्यातल्या पटी भरपूर मिळतात, त्यामुळे ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या गर्दीतही सूर हरवत नाही. टोन पूर्ण बंद केला आणि सपाट तारा असल्या की भावगीताच्या साथीला हवा तसा गोल, दबका आवाज निघतो. बारकावे दाखवणारे, चमकदार एकलवादन करायचे असेल तर हे वाद्य कमी पडते, आणि त्यासाठी जाझ बास बरी.

वजनाचा विषय टाळता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वापरलेले ॲश लाकूड बरेचदा जड असे, आणि साडेचार-पाच किलोंचे वाद्य तीन तास खांद्यावर घेऊन उभे राहणे चाळिशीनंतर सोपे नाही. यावर उपाय म्हणजे रुंद पट्टा. कोल्हापुरी चपलांच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही येतो हे अनेकांच्या ध्यानात नसते. अथणीच्या एका चर्मकाराकडून मी चार बोटे रुंदीचा दुहेरी कातड्याचा पट्टा शिवून घेतला, आणि तो दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही पट्ट्यापेक्षा सरस आहे. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या या कातड्याला पावसाळ्यात बुरशी चढते, म्हणून तो वाद्याच्या केसमध्ये ठेवू नये, वाऱ्यावर टांगून ठेवावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि अधूनमधून त्या गरम करून कोरड्या कराव्यात.

किमतीचे बोलायचे तर अमेरिकेत या सालांच्या बऱ्या स्थितीतल्या प्रिसिजनला दोन-तीन हजार डॉलर सहज पडतात, आणि वाहतूक व सीमाशुल्क धरले की परदेशातून मागवणे परवडत नाही. आपल्या भागातल्या माणसाने गोव्याकडे पाहावे. जहाजांवरच्या आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये आयुष्य काढलेल्या गोवेकर वादकांनी त्या काळात परदेशातून आणलेली वाद्ये अजूनही घरोघरी आढळतात, आणि माझे वाद्यही चोर्ला घाट चढून असेच आले. पाहायला जाताना स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज आणि मल्टिमीटर बरोबर न्यावेत. खुंट्यांच्या फळीवरचा क्रमांक एस अक्षराने सुरू होणारा आणि त्यापुढचा आकडा ८ असेल तर साल १९७८ च्या आसपासचे, पण या क्रमांकांत एखाद-दोन वर्षांची सरमिसळ असते, म्हणून आतले पॉट पाहावेत. पॉटवर १३७ हा आकडा सीटीएस या निर्मात्याचा, आणि त्यापुढच्या चार आकड्यांतले पहिले दोन सालाचे व शेवटचे दोन आठवड्याचे. ७८२५ म्हणजे १९७८ चा पंचविसावा आठवडा. पॉट बनल्यानंतर वाद्यात बसेपर्यंत काही महिने जात, त्यामुळे वाद्य पॉटपेक्षा किंचित नंतरचे असते, आधीचे कधीच नाही. मल्टिमीटरवर पिकअपचा रोध साधारण १० ते १२ किलोओहमच्या दरम्यान दाखवला पाहिजे. धडाचा रंग नंतर बदललेला असेल तर किंमत जवळपास निम्म्यावर यायला हवी, आणि ज्याला वाद्य वाजवायचेच आहे त्याच्यासाठी असे रंग बदललेले वाद्य हाच सर्वांत शहाणा सौदा ठरतो.

एवढी झिगझिग नको असेल त्याने १९८२ नंतरच्या जपानी बनावटीच्या स्क्वायर (फेंडरच्याच दुसऱ्या नाममुद्रेच्या) प्रिसिजनचा शोध घ्यावा. बांधणीत त्या माझ्या वाद्यापेक्षा नीटनेटक्या आहेत, आणि पुलाचे गंजलेले स्क्रू बदलण्यासाठी उद्यमबागेची वाट त्यांनाही तितकीच जवळ आहे.